तिला काय आवडायचं?

मैत्रिणींनो,

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा दिवाळी होऊन गेलेली असेल. दाराला लावलेली झेंडूची तोरणं सुकली असतील. तुमच्यापैकी बऱ्याच जणी २५ नोव्हेंबरच्या तयारीला लागल्या असतील. पथनाट्याच्या तालमी, फलक रंगवणं, पोलिसांची परवानगी, माईक कोण आणणार, ही सगळी धावपळ मला दिसते आहे.

हा २५ नोव्हेंबर आपल्याकडे आला कुठून? डॉमिनिकन रिपब्लिक या छोट्या देशात १९६० साली हुकूमशहा त्रुहियोच्या माणसांनी मिराबाल भगिनींपैकी तिघींचा खून केला, तो हा दिवस. १९८१ साली बोगोटा इथं लॅटिन अमेरिकेतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्या जमल्या आणि हा दिवस बायकांवरच्या हिंसेच्या विरोधात पाळायचा असं त्यांनी ठरवलं. संयुक्त राष्ट्रांनी त्यावर शिक्का मारला तो १९९९ साली. म्हणजे हा दिवस आपण तिकडच्या बायांकडून घेतला आहे. त्यांच्याकडचीच आणखी एक गोष्ट या वेळी तुमच्यापुढे ठेवायची आहे. ती आहे मेक्सिकोमधली. तिचं नाव ओफ्रेंदा. घरातल्या मेलेल्या माणसांसाठी घरातच मांडलेलं, वर्षातून दोन-चार दिवसांचं ताट म्हणा, चौरंग म्हणा.

मी मेक्सिकोला गेलेली नाही. ही ओळख झाली ती आमच्या केंद्रातल्या महिन्याच्या अभ्यासवर्गात. आमची एक तरुण कार्यकर्ती काही फोटो घेऊन आली होती. त्यांतला एक मला विसरता येत नाही. एक साधी खोली. भिंतीला लावून टेबल, त्यावर भरतकामाचा कपडा. मधोमध सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा फोटो. भोवती झेंडू, मेणबत्त्या, पाण्याचा पेला. आणि पुढे मांडलेलं काय? थंड पेयाची बाटली, बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट, केसांच्या दोन पिना, शाळेची वही. त्या मुलीचा खून झाला होता.

आम्ही सगळ्या गप्प होतो. आमच्या गटात एक मावशी आहेत. चार घरची धुणीभांडी करून प्रत्येक मोर्चाला सर्वांत आधी हजर असतात. त्यांनी फोटो हातात घेऊन नीट पाहिला आणि मला विचारलं, "ताई, आपल्या कपाटातल्या पोरींना काय आवडायचं गं? हाय का कुठं लिवलेलं?"

आमच्या कपाटात आमच्याकडे आलेल्या बायांच्या फायली आहेत. त्यांतल्या काही जणी आज जिवंत नाहीत. त्या संध्याकाळी मी एक फाईल काढून बसले. जळून गेलेल्या एका मुलीची. अकरा पानं, सगळी माझ्याच अक्षरात. वय, शिक्षण, लग्नाची तारीख, माहेरचा पत्ता, सासरी माणसं किती, हुंड्यात काय ठरलं, काय दिलं, पहिली मारहाण केव्हा. शेवटच्या पानावर भाजण्याची टक्केवारी आणि मृत्यूची वेळ. एम.एस.डब्ल्यू. करताना केस-हिस्टरी कशी लिहायची ते मला शिकवलं होतं आणि मी ती चोख लिहिली होती. तिला मी चार वेळा भेटले होते. पण तिला काय आवडायचं हे अकरा पानांत नव्हतं, आणि मलाही आठवेना. आठवेना म्हणणं खोटं ठरेल. मी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून हे संपादकीय.

मेक्सिकोत नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला 'दिया दे मुएर्तोस', म्हणजे मेलेल्यांचा दिवस असतो. समजूत अशी की या दिवसांत गेलेली माणसं आपापल्या घरी पाहुणी म्हणून येतात. १ तारखेला लहान मुलं येतात, २ तारखेला मोठी माणसं. बऱ्याच गावांत तयारी त्याआधीच सुरू होते, आणि काही ठिकाणी २८ ऑक्टोबर हा दिवस अपघातात किंवा मारामारीत, हिंसेनं गेलेल्यांसाठी राखलेला असतो. पाहुणा येणार म्हटल्यावर घरात जे होतं तेच तिथं होतं. झाडलोट, सारवासारव, बाजारहाट, स्वयंपाक.

टेबलावर किंवा पायऱ्यापायऱ्यांच्या मांडणीवर कपडा घालतात. दोन पायऱ्या, तीन, काही ठिकाणी सातसुद्धा. वर फोटो. पाणी ठेवतात, कारण लांबचा प्रवास करून आलेल्याला तहान लागलेली असते. मीठ ठेवतात. कोपाल नावाच्या झाडाच्या डिंकाचा धूप जाळतात. कागद कातरून केलेल्या रंगीत झालरी लावतात. त्यांना पापेल पिकादो म्हणतात आणि पुएब्ला राज्यातलं सान साल्वादोर उइश्कोलोत्ला हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. साखरेच्या छोट्या कवट्या असतात, त्यांच्या कपाळावर नावं लिहितात, कधी मेलेल्यांची तर कधी गमतीनं जिवंत मैत्रिणींचीही. आणि झेंडू तर ढिगांनी. त्याला तिकडे सेम्पासूचिल म्हणतात. नाउआत्ल या तिथल्या जुन्या भाषेतलं हे नाव आहे, अर्थ साधारण 'वीस पाकळ्यांचं फूल', म्हणजे भरगच्च फूल. पाकळ्यांची वाट दारापासून टेबलापर्यंत काढतात. वासावर आणि रंगावर पाहुण्याला घर सापडावं म्हणून. दसऱ्याला आपण ज्याला आपलंच फूल मानतो तो झेंडू मूळचा तिकडचा. पोर्तुगिजांच्या काळात समुद्रमार्गे तो आपल्या देशात आला.

आणि मग जेवण. 'पान दे मुएर्तो' हा त्या दिवसांसाठीचा गोड पाव. मोले, म्हणजे तऱ्हेतऱ्हेच्या वाळलेल्या मिरच्या, तीळ, मसाले आणि बऱ्याचदा कोको घालून वाटलेलं दाट कालवण. तमाल, म्हणजे मक्याचं पीठ सारण भरून पानात गुंडाळून वाफवलेलं. आपल्या पातोळ्या डोळ्यांपुढे आणा. पण एवढ्यानं भागत नाही. आजोबांना ज्या दारूचा घोट लागायचा ती हवी. मामीची सिगारेट हवी. लहान वयात गेलेल्या पोरासाठी खेळणी, दूध आणि बिनतिखटाचं काहीतरी. ज्याला जे आवडायचं ते.

पितृपक्षात आपल्याकडेही गेलेल्यांच्या आवडीचं करतात, हे तुमच्या मनात आलं असेलच. माझ्याही आलं. कावळा शिवला नाही की "त्यांना कांदाभजी आवडायची, ती राहिली" असं कुणीतरी म्हणतंच. पण थोडं थांबून पाहू या. आपल्याकडे श्राद्ध करणारा सहसा मुलगा, आठवायचं ते बापाच्या कुळाला. बाईसाठी वेगळा दिवस आहे तो अविधवा नवमीचा. नवऱ्याच्या आधी, कुंकवासकट गेली म्हणून तिचा मान. म्हणजे मेल्यावरही ती कुणाची तरी बायकोच. लग्न मोडून माहेरी परतलेली, न लग्न केलेली, सासरच्यांनी जाळलेली यांचं पान कुणाच्या घरी वाढायचं? ओफ्रेंदाला भटजी लागत नाही आणि कुळाचा हिशेब लागत नाही. आत्या, मावशी, शेजारीण, मैत्रीण, कुणाचाही फोटो लावता येतो. आणखी एक रीत बऱ्याच घरी आहे. ज्यांची आठवण काढायला कुणीच उरलेलं नाही अशा एकट्या जीवांसाठी एक जादा मेणबत्ती किंवा पाण्याचा एक जादा पेला ठेवायचा.

तिकडचं सगळं गोड आहे असं मला म्हणायचं नाही. हे सगळं मांडतं कोण? पुरुष फुलांच्या कमानी बांधतात, थडगी साफ करतात, सामान वाहून आणतात. पण दिवसच्या दिवस चुलीपुढे आणि वाटणाच्या पाट्यापुढे बाई असते. त्याहून मोठं काम तिच्या डोक्यात चाललेलं असतं. कोण केव्हा गेलं, कोणाला काय चालायचं, कोणाला काय पचायचं नाही, कोणाचा फोटो कुणाशेजारी ठेवायचा नाही, हे सगळं तिला पाठ असतं आणि ती ते मुलीला सांगते. घरकाम हे काम आहे, हे म्हणायला आपल्याला किती वर्षं लागली! घराची आठवण सांभाळणं हेही काम आहे आणि ते कुठल्याच जनगणनेत मोजलं जात नाही.

दुसरं, ही प्रथा जशीच्या तशी 'हजारो वर्षांची' आहे असंही नाही. त्यात स्पॅनिश लोकांनी आणलेले कॅथलिक सण आहेत, तिथल्या मूळ लोकांच्या जुन्या समजुती आहेत. कशाचं किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. १९१०च्या क्रांतीनंतर नव्या सरकारांनी तिला राष्ट्राची ओळख म्हणून पुढे आणलं. पोसादा या चित्रकारानं त्याच सुमाराला काढलेली टोपीवाल्या श्रीमंत बाईची कवटी दिएगो रिवेरानं १९४७ सालच्या आपल्या भित्तिचित्रात उभी केली आणि ती घराघरांत पोचली. २००८ साली युनेस्कोच्या यादीत प्रथेचं नाव लागलं. मग बाजार आला. २०१३ साली डिस्ने कंपनीनं या सणाच्या नावावरच व्यापारी हक्क मागितला, आणि ओरड झाल्यावर अर्ज मागे घेतला. २०१५ साली जेम्स बाँडच्या एका सिनेमात मेक्सिको शहरातली सांगाड्यांची भव्य मिरवणूक दाखवली. अशी मिरवणूक तिथं निघत नव्हती. २०१६ पासून ती खरोखर काढायला सुरुवात झाली. आता पर्यटक तोंडावर कवटी रंगवून हिंडतात. बाजाराला कवटी हवी असते. त्या फोटोतल्या मुलीचं नाव त्याला नको असतं.

ते नाव घेऊन तिथल्या बाया रस्त्यावर आल्या. हे मला तुम्हाला मुख्यतः सांगायचं आहे.

सिउदाद हुआरेस हे मेक्सिकोच्या उत्तर सीमेवरचं शहर. पलीकडे अमेरिका. तिथं परदेशी कंपन्यांचे जोडणी-कारखाने उभे राहिले आणि गावोगावच्या गरीब मुली कामाला आल्या. १९९३ पासून तिथं मुलींची प्रेतं सापडू लागली. वाळवंटात, उकिरड्यावर, रिकाम्या प्लॉटवर. बऱ्याच जणींवर अत्याचार झालेले. आया पोलिसांकडे गेल्या की त्यांना ऐकायला मिळे, 'पळून गेली असेल', 'तिचं दुसरंही आयुष्य असेल', 'असे कपडे का घालते'. आपल्याकडच्या कुठल्याही चौकीत बसल्यासारखं वाटतं ना?

एस्तेर चावेस कानो या तिथल्याच एक बाई. पेशानं हिशेबनीस. साठीला टेकल्या होत्या. त्यांनी एक साधी गोष्ट सुरू केली. वर्तमानपत्रातली कात्रणं काढायची आणि यादी करायची. नाव, वय, तारीख, कुठं सापडली. सरकार म्हणत होतं की या सुट्या सुट्या घटना आहेत. त्यांची यादी म्हणत होती, नाहीत. १९९९ साली त्यांनी हुआरेसमध्ये पीडित बायांसाठी 'कासा आमिगा' हे केंद्र काढलं. घरच्या लोकांनी शहरातल्या विजेच्या खांबांवर गुलाबी रंग देऊन काळे क्रूस रंगवले. नोव्हेंबर २००१ मध्ये कापसाच्या एका जुन्या शेतात आठ जणींची प्रेतं सापडली. तिथं गुलाबी क्रूस उभे राहिले. त्यांतल्या तिघींच्या आया आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेल्या आणि नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायालयानं मेक्सिकोच्या शासनाला दोषी ठरवलं. शासनानं मुलींना वाचवलं नाही, तपास नीट केला नाही आणि मुलींवरच ठपका ठेवला, असा तो निकाल आहे. भरपाई आणि तपासाच्या आदेशांबरोबर न्यायालयानं हुआरेसमध्ये खून झालेल्या बायांचं स्मारक उभारायलाही सांगितलं. म्हणजे स्मरण हा न्यायाचाच भाग आहे हे एका न्यायालयानं कागदावर मान्य केलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एस्तेरबाई वारल्या.

मार्सेला लागार्दे या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक खासदार झाल्या आणि त्यांनी 'फेमिनिसिदियो' हा शब्द तिथल्या कायद्याच्या भाषेत रुजवला. बाई आहे म्हणून झालेला खून, आणि त्याकडे डोळेझाक करणारं शासन, असे दोन्ही अर्थ त्यांनी त्या शब्दात भरले. २००७ साली बायकांना हिंसामुक्त जगण्याचा हक्क देणारा कायदा झाला, २०१२ साली केंद्राच्या दंडविधानात हा स्वतंत्र गुन्हा ठरला. खून थांबले का? नाही. २०२१ साली मेक्सिकोत साडेतीन हजारांहून जास्त बायकांचे खून झाले, आणि सरकार-दप्तरी 'फेमिनिसिदियो' म्हणून नोंदले गेले ते सुमारे एक हजार. बाकीच्या नोंदीतही हरवल्या. कायदा झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न ४९८-अ नंतर आपल्यालाही पडलेला आहे.

अशा देशात नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाया ओफ्रेंदा घेऊन चौकात येतात. विद्यापीठांच्या आवारात, सरकारी वकिलांच्या कचेऱ्यांपुढे, राजधानीच्या मुख्य चौकात टेबलं मांडली जातात. तोच कपडा, तोच झेंडू, तेच पाणी, फोटो मात्र खून झालेल्या मुलींचे. दिवसाचं नावही त्यांनी एका अक्षरानं बदललं. स्पॅनिशमध्ये 'मुएर्तोस' म्हणजे मेलेले, पुल्लिंगी, त्यातच बायका धरायच्या. बाया म्हणतात 'दिया दे मुएर्तास', मेलेल्या बायांचा दिवस. घरात मांडलेलं टेबल म्हणतं, ये, तुझी वाट पाहतो आहोत. तेच टेबल कचेरीच्या दारात मांडलं की ते आत बसलेल्याला विचारतं, ही कुठं आहे? हिच्या फाईलचं काय झालं?

हे टेबल किती महाग पडू शकतं त्याचंही एक उदाहरण देते. मारिसेला एस्कोबेदो या चिवावा राज्यातल्या आई. २००८ साली त्यांच्या मुलीचा खून झाला. आरोपीनं गुन्हा कबूल केलेला असूनही न्यायाधीशांनी त्याला सोडून दिलं. निकाल पुढे फिरला, तोवर तो पळाला. मारिसेलांनी त्याला स्वतः शोधलं, पोलिसांना पत्ता दिला, मुलीचा फोटो गळ्यात अडकवून शहरं पालथी घातली. शेवटी राज्य सरकारच्या मुख्य इमारतीपुढेच त्या ठाण मांडून बसल्या. १६ डिसेंबर २०१० रोजी त्याच दारात त्यांना गोळी घालण्यात आली.

मार्च २०२१ मधली गोष्ट वेगळी आहे. महिला दिनाच्या मोर्चाच्या आधी सरकारनं राष्ट्रीय प्रासादाभोवती लोखंडी पत्र्यांचा उंच कोट उभारला. बायांची भीती! बाया आदल्या दिवशी रंग आणि ब्रश घेऊन आल्या आणि त्यांनी त्या पत्र्यांवर खून झालेल्या बायांची नावं लिहिली. नावांवर फुलं खोचली, खाली मेणबत्त्या लावल्या. सरकारनं स्वतःच्या बचावासाठी बांधलेली भिंत एका रात्रीत ओफ्रेंदा होऊन गेली.

पण एक टेबल असं आहे की ते मांडायलाच हात धजत नाही. मेक्सिकोत बेपत्ता माणसांच्या सरकारी नोंदीनं मे २०२२ मध्ये एक लाखाचा आकडा ओलांडला. त्यांत पुरुष जास्त आहेत, आणि फावडी-कुदळी घेऊन माळरानं उकरत हिंडणाऱ्या बहुतेक बाया. आया, बायका, बहिणी. त्या आईनं नोव्हेंबरमध्ये काय करायचं? फोटो मेणबत्तीपाशी ठेवला तर 'तो मेला' असं तिनं कबूल केलं. नाही ठेवला, आणि तो खरंच गेलेला असला, तर त्या रात्री त्याचं पाणी कोण ठेवणार? काही जणी फोटो लावत नाहीत. काही जणी लावतात, पण तिथं 'मेलेला' म्हणत नाहीत, 'अजून शोधते आहे' असं लिहितात. रोसारिओ इबार्रा यांचा मुलगा १९७५ साली पोलिसांनी उचलला. त्यांनी १९७७ साली बेपत्तांच्या आयांची संघटना बांधली, १९८२ साली देशाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवणारी पहिली बाई झाल्या आणि २०२२ साली वारल्या, तोवर त्यांची मागणी एकच होती: जिवंत नेलात, जिवंत परत द्या. त्यांना मेणबत्ती नको होती, उत्तर हवं होतं. आपण समुपदेशन करणाऱ्या बाया 'दुःख स्वीकारा' असं किती चटकन म्हणतो! कुठल्या आईला स्वीकार म्हणायचं आणि कुठल्या आईच्या नकाराबरोबर उभं राहायचं, हे तिच्याकडूनच शिकावं लागेल.

आता आपल्याकडे येते. 'आपणही २५ नोव्हेंबरला टेबल मांडू या का?' असं अभ्यासवर्गात विचारलं गेलं. चर्चा बरीच झाली. माझं मत मांडते, तुम्ही तुमचं कळवा.

मांडायला हरकत नाही, पण उसनी कवटी आणि कातरलेला कागद नको. झेंडू आपल्याकडे आहे, पाणी आहे, ताट आहे. घरच्यांना विचारल्याशिवाय फोटो आणि नाव लावू नये. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं आहे, मुलं सासरीच वाढताहेत, केस उभी आहे, अशा अडचणी असतात. आई नको म्हणाली तर नको. आईला व्यासपीठावर बसवून रडवायचं नाही. मेणबत्ती लावली आणि कोर्टाच्या तारखेला कुणी गेलं नाही, असं तर मुळीच होऊ नये. हुआरेसमध्ये क्रूस रंगवले, पण यादीही केली, आणि खटलाही चालवला. या तीन गोष्टी एकत्र होत्या म्हणून क्रूसाला अर्थ आला. आणि ताटातला पदार्थ पुन्हा एकट्या आईनं किंवा आपल्या मावशींनीच रांधायचा, हेही नको. सगळ्यांनी रांधू या, पुरुष कार्यकर्त्यांनीही.

मावशींच्या प्रश्नानंतर पंधरा दिवसांनी मी त्या मुलीच्या आईकडे गेले. सात वर्षांनी. तिला वाटलं, मी कोर्टाचं काही घेऊन आले. केव्हा निकाल, केव्हा तारीख, असं विचारू लागली. मी म्हटलं, तसं काही नाही, तिला काय आवडायचं ते विचारायला आले. ती थोडी चिडलीच. "आता कशाला?" मग चहा ठेवायला उठली आणि स्टोव्हपाशी पाठमोरी उभी राहून बोलायला लागली. भाताच्या पातेल्याची खरपुडी आवडायची, त्यावरून भावाशी भांडायची. एसटीत खिडकीच हवी असायची. पिवळा रंग नको म्हणायची आणि हळदीला पिवळीच साडी नेसावी लागली. सातवीत कबड्डीत पेला मिळाला होता. तो फळीवर होता, तिनं काढून दाखवला. फोटो मात्र नव्हता. एकुलता एक चांगला फोटो तपासाच्या वेळी कागदपत्रांबरोबर दिला, तो परत आलेला नाही. तो परत मिळवायचा अर्ज आम्ही आता केला आहे.

घरी येऊन मी फाईलला बारावं पान जोडलं. त्या पानाचा कोर्टात काही उपयोग नाही.

पण परतताना एसटीत मला एक गोष्ट टोचत राहिली. हे सगळं मला तिच्याकडूनच कळू शकलं असतं. चार वेळा ती माझ्यासमोर बसली होती. खिडकीजवळची खुर्ची तिला देता आली असती. आपल्याकडे येणारी बाई आली की आपण 'काय झालं' विचारतो, आणि ते विचारायलाच हवं. पण तिच्यावर काय झालं तेवढीच ती नाही. मारहाणीखाली दबून गेलेल्या बाईला आपण काय होतो, आपल्याला काय हवं होतं, हे आठवणं हीच कधीकधी उठून उभं राहायची सुरुवात असते.

म्हणून आमच्या केंद्रात आम्ही एक छोटा बदल केला आहे. पहिल्या भेटीच्या कागदावर पत्त्याच्या खाली एक ओळ वाढवली आहे: 'तुम्हाला काय आवडतं?' पहिल्या आठवड्यात ती विचारताना आम्हीच अवघडलो. एक जण रागावली, "मी इथं मार खाऊन आलेय आणि तुम्ही हे काय विचारता?" तिचं बरोबर होतं. आता आम्ही ती ओळ पहिल्या भेटीत रिकामी ठेवतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत भरतो. काही जणींना उत्तर सुचत नाही. "ह्यांना मटण आवडतं, पोरांना पोहे," असं सांगतात. आम्ही थांबतो. पुन्हा विचारतो.

२५ नोव्हेंबरला तुमचा गट काय करणार आहे ते जरूर लिहा. ताट मांडलंत तर त्यात काय ठेवलंत, कुणाच्या नावानं, आणि घरच्यांनी काय सांगितलं, तेही कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी आम्ही पानं राखून ठेवत आहोत. आणि ज्यांच्या घरचं आता कुणीच उरलेलं नाही, ज्यांची नावंही आपल्याला मिळाली नाहीत, त्यांच्यासाठी पाण्याचा एक जादा पेला ठेवायला विसरू नका.

तुमच्या पत्रांची वाट पाहते.

तुमची,
संपादक मंडळाच्या वतीने